विचारा की! भाव बदलला अन् पट्टीवर एनएएन आलं

मागच्या महिन्यात म्हणलं होतं की एपीआयबद्दल (म्हणजे ॲप अन् सर्व्हर एकमेकांशी बोलतात ती ठरलेली पद्धत) काही अडलं असेल तर पाठवा, तर पाठवलं ना लोकांनी, अन् बहुतेकांचं दुखणं एकच निघालं: नवं काहीतरी टाकलं अन् जुनं बंद पडलं. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला. पहिल्या प्रश्नाला लई जागा गेलीय, बाकीच्यांनी राग मानू नका.

प्रश्न : दादा नमस्कार. मी लातूरचा, एकटाच काम करतो. मार्केट यार्डातल्या आडत्यांसाठी रिॲक्ट नेटिव्हमध्ये ॲप बनवलंय. सोयाबीन, तूर, हरभऱ्याचा भाव दिसतो अन् किती क्विंटल माल ते टाकलं की पट्टीची (मालाच्या हिशोबाच्या पावतीची) रक्कम निघते. एपीआय पण माझीच. आधी 'भाव' हे एकच फील्ड (नाव दिलेला रकाना) होतं, साधा आकडा, समजा ४८५०. मग आडते म्हणले की फळ्यावर किमान, कमाल अन् सर्वसाधारण असे तीन भाव असतात, तसे दाखव. मी 'भाव' मध्येच तिन्ही घालून ऑब्जेक्ट (नावं दिलेल्या किमतींचा गठ्ठा) केला, ॲपचं अपडेट टाकलं, रात्री साडेअकराला सर्व्हरवर नवा कोड चढवला, म्हणजे डिप्लॉय केला, अन् झोपलो. सकाळी सौद्याच्या टायमाला फोनवर फोन. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं त्यांच्या पट्टीवर 'एकूण रक्कम: एनएएन'. एक काका तर विचारायलेत की हे एनएएन कोणत्या पेढीचं नाव हाय. माझं नेमकं कुठं चुकलं? व्ही२, म्हणजे एपीआयचं वेगळं दुसरं व्हर्जन, काढायला पाहिजे होतं का?
(एक वाचक, लातूर)

उत्तर : वाईट वाटलं वाचून, पण त्या पेढीवर हसू पण आलं. एनएएन म्हणजे 'नॉट अ नंबर', आकड्याच्या जागी दुसरंच काही आलं की गुणाकाराचं असं होतं. असो, आधी आग विझवू.

सर्व्हरवर 'भाव' परत साधा आकडा करायचा, त्यात सर्वसाधारण भाव द्यायचा, जुनी ॲप त्याच मिनिटाला सुधारतील. पण थांबा, नुसतं एवढं केलं की ज्यांनी तुमचं ऐकून अपडेट केलं ते बिचारे लटकतील, कारण त्यांचं ॲप आता 'भाव' मध्ये ऑब्जेक्ट शोधायलंय. तर तुमचं ॲप रिक्वेस्टसोबत स्वतःचं व्हर्जन पाठवतं का ते बघा. पाठवत असेल तर सर्व्हरवर एक इफ टाका, त्या एका व्हर्जनला ऑब्जेक्ट अन् बाकी सगळ्यांना आकडा. पाठवत नसेल तर नव्या ॲपवाल्यांनाच फोन करून परत एक अपडेट घ्यायला लावा. ही माणसं एकदा अपडेट करणारी आहेत, परत करतील. जी करत नाहीत ती कधीच करत नाहीत, त्यांच्या वाटेला जायचं नाही.

आता चुकलं कुठं. व्ही२ ची गरजच नव्हती हो. 'भाव': ४८५० तसंच ठेवायचं अन् शेजारी नवं फील्ड टाकायचं, 'भाव_तपशील', त्यात किमान ४६००, कमाल ४९५०, सर्वसाधारण ४८५०. जुनं ॲप 'भाव' वाचेल, शेजारच्याकडं बघणार पण नाही. नवं ॲप तपशील वाचेल. दोघं सुखी. गावाकडं जुनं घर पाडायच्या आधी मागं पत्र्याची खोली उभी करतात, सामान तिकडं हलवतात, मगच पाडायला घेतात, तसंच हे, याला 'पॅरलल चेंज' म्हणतात. ट्विटरनं २०१० मध्ये हेच केलं होतं. त्यांचे ट्विटचे आयडी इतके मोठे होणार होते की जावास्क्रिप्टला जो आकडा न चुकता धरता येतो, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९१, त्याच्याही वर जाणार होते. मग त्यांनी 'आयडी' ची स्ट्रिंग केली का? नाही, 'आयडी' तसाच ठेवला अन् बाजूला 'आयडी_एसटीआर' दिला.

फक्त एक गोची. समोरचा पार्सर (उत्तर वाचणारा कोड) कडक असेल तर नुसतं नवं फील्ड दिसलं तरी तो ओरडतो. जावातली जॅक्सन लायब्ररी, तिसऱ्या मोठ्या व्हर्जनच्या आधीची, डिफॉल्टला अनोळखी फील्ड दिसलं की एरर फेकते, कॉटलिनची स्वतःची सिरियलायझेशन लायब्ररी पण तशीच, तिथं अनोळखी फील्ड सोडून द्यायची सेटिंग आपण चालू करावी लागते, गूगलची जीसन लायब्ररी मात्र गुपचूप सोडून देते. तुमचं रिॲक्ट नेटिव्ह आहे म्हणून काळजी नाही, पण उद्या कोणी तुमची एपीआय जावातून ओढायला लागला तर पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की बाबा यात फील्डं वाढत राहतील.

अजून एक सांगतो, एनएएन आलं ते तुमचं नशीब समजा. विचार करा, तुम्ही फील्डचं नाव तेच ठेवलं असतं, टाईप पण आकडाच, फक्त क्विंटलच्या जागी किलोचा भाव द्यायला लागला असता, ४८५० च्या जागी ४८.५०. कुठं एरर नाही, क्रॅश नाही, पट्टी सुबक छापून आली असती, फक्त रक्कम शंभर पटीनं कमी. एवढा फरक तरी डोळ्याला दिसला असता. पण हमाली-तोलाई वजा करून भाव द्यायचा असं मनात आणून तुम्ही सर्व्हरवर बदल केला असता तर कोणाच्याच लक्षात आलं नसतं, थेट हिशोबाच्या दिवशी भांडण. फील्डचा अर्थ बदलायचा असेल तर नाव पण बदला, यात माझ्याकडं काही सवलत नाही.

बाकी जुनं कशानं मोडतं? फील्ड काढलं, नाव बदललं, टाईप बदलला हे सगळ्यांना कळतं. रिक्वेस्टमध्ये जे ऐच्छिक होतं ते सक्तीचं केलं की पण मोडतं, जिथं कधीच नल (रिकामी किंमत) येत नव्हता तिथं यायला लागला की पण. अन् लोक विसरतात ते म्हणजे ठरलेल्या यादीत एखादी नवी किंमत वाढवणं. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली वेगळा झाला, मराठवाड्याचे सातचे आठ जिल्हे झाले. आता समजा तेव्हाच्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी सात जिल्ह्यांचा स्विच (प्रत्येक जिल्ह्याला वेगळी वाट) लिहिला असेल अन् शेवटी डिफॉल्ट (यादीत नसलेल्यासाठी वाट) दिला नसेल, तर 'हिंगोली' आलं की ते तोंडावर पडणारच. सर्व्हरवाला म्हणणार मी तर फक्त एक जिल्हा वाढवला.

अन् २०२३ ला औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. जिथं जिथं कोडमध्ये 'जिल्हा बरोबर औरंगाबाद' अशी स्ट्रिंग जुळवलेली होती तिथं काय झालं असेल ते ज्यानं लिहिलं त्यालाच ठाऊक. पण गाडीची पाटी बघा, एमएच २० होती, एमएच २० च राहिली. नाव माणसाला दाखवायला असतं, कोड मशीनला जुळवायला, अन् एपीआयमध्ये या दोघांची गल्लत करायची नाही.

माझ्या हातून जे झालं ते यापेक्षा येडं होतं. एका जुन्या कामात मी डेटाबेसला एक इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून सूची) टाकला, बस. क्वेरी फास्ट झाली, मी खूश. दुसऱ्या दिवशी नांदेडच्या एका क्लायंटचा फोन की तुमची एपीआय कालपासून शिळे भाव दाखवायली. बघतो तर त्यांनी यादीतली पहिली ओळ म्हणजे ताजा भाव असं धरलेलं. माझ्या क्वेरीत ऑर्डर बाय (ओळींचा क्रम ठरवायची सूचना) नव्हतंच, योगायोगानं ताजं वर यायचं, इंडेक्स टाकल्यावर योगायोग संपला. डॉक्युमेंटेशनमध्ये मी कुठंच लिहिलं नव्हतं की पहिली ओळ ताजी असते, पण त्यांना त्याच्याशी काय घेणं, वर्षभर तसं येत होतं ना. याला 'हायरमचा नियम' म्हणतात, गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट या इंजिनिअरच्या नावानं: वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या सिस्टिमचं जे जे वागणं बाहेरून दिसतं त्या प्रत्येकावर कोणीतरी विसंबून असतंच, तुम्ही कबूल केलेलं असो की नसो. मी तेव्हा तासभर त्यांच्याशी फोनवर वाद घातला अन् मग गपगुमान ऑर्डर बाय टाकलं.

प्रश्न : सर, आमच्या टीममध्ये पंधरा दिवस झाले एकच भांडण चालू आहे. व्हर्जन यूआरएलमध्ये टाकायचं की हेडरमध्ये (रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या जादा माहितीत)? एक जण म्हणतो यूआरएलमध्ये टाकणं अशुद्ध आहे.
(एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : पंधरा दिवसांत दोन्ही करून झालं असतं.

अशुद्ध म्हणणाऱ्याचा मुद्दा असा असतो की यूआरएल म्हणजे वस्तूचा पत्ता, वस्तू तीच असेल तर पत्ता काहून बदलायचा. पुस्तकी दृष्टीनं बरोबर आहे. पण '/व्ही१/' हे लॉगमध्ये उघड दिसतं, ब्राऊझरमध्ये टाकून बघता येतं, फोनवर समोरच्याला सांगता येतं, कॅशला (उत्तरं साठवून परत देणाऱ्याला) वेगळं काही शिकवावं लागत नाही. हेडरमध्ये टाकलं की व्हॅरी हेडर (उत्तर कोणत्या हेडरवर अवलंबून आहे ते कॅशला सांगणारा) द्यायला विसरू नका, नाहीतर मधला कॅश एका व्हर्जनचं उत्तर दुसऱ्याला वाढून मोकळा होतो. लहान टीम असेल तर माझं मत सरळ यूआरएल, अन् फक्त मोठा आकडा, '/व्ही१.३/' असले चाळे नकोत.

मोठ्या लोकांमध्ये गिटहब (कोड ठेवायची सेवा) हेडरमधून तारीख घेतं, २०२२-११-२८ असं. ऑनलाइन पेमेंटवाल्या स्ट्राइपचं मला सगळ्यात आवडतं. तुमच्या खात्यानं पहिल्यांदा एपीआयला हाक मारली त्या दिवशीचं व्हर्जन तुमच्या खात्याला चिकटवून टाकतात, तुम्ही स्वतः बदलेपर्यंत तेच. आतला कोड मात्र एकच, ताज्या रूपातला. उत्तर आधी ताज्या रूपात तयार होतं अन् मग एकेक बदल उलटा फिरवत मागं मागं नेत तुमच्या तारखेपर्यंत आणतात. म्हणजे प्रत्येक मोडणारा बदल एका छोट्या डब्यात बंद, अन् बाकीच्या कोडला जुन्या लोकांचं काही ओझं नाही. तुम्ही स्ट्राइप नाही, पण ही आयडिया दोन व्हर्जनसाठी पण मस्त चालते: व्ही१ चा वेगळा कोड ठेवू नका, व्ही२ चं उत्तर घेऊन त्याला व्ही१ चा सदरा घालणारं एक फंक्शन लिहा. दोन वेगळे कोड ठेवले की बग एकात दुरुस्त होतो अन् दुसऱ्यात तसाच राहतो, हे लिहून ठेवा.

अन् भांडायचंच असेल तर यावर भांडा की व्हर्जन न पाठवणाऱ्याला काय द्यायचं. 'लेटेस्ट' देऊ नका. ज्यानं व्हर्जन पाठवलं नाही तोच माणूस असतो ज्यानं तीन वर्षांपूर्वी कोड लिहिला अन् परत उघडला नाही, त्याला सगळ्यात जुनं चालू असलेलं द्या.

प्रश्न : आमचं दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर आहे. केंद्रावरून फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) अन् लिटर आमच्या सर्व्हरला येतात. व्ही२ काढून वर्ष झालं, तरी काही केंद्रं व्ही१ वरच. दोन्ही सांभाळता सांभाळता दम निघायलाय. व्ही१ बंद कधी करू? पत्र पाठवलं, व्हॉट्सॲपला मेसेज टाकला, कोणी बघत नाही.
(एक वाचक, बीड)

उत्तर : मेसेज कोणी वाचत नसतं. 'काही केंद्रं' म्हणजे किती, ते आधी काढा. लॉगमध्ये व्हर्जन अन् केंद्राचा कोड दोन्ही येतं का? येत नसेल तर आजपासून टाका, महिनाभर थांबा, मग यादी हातात येईल. बऱ्याचदा यादी बघितली की चाळीस वाटत होते ते सात निघतात, त्यातले दोन बंद पडलेले पण कुठंतरी सांगाडा चालू राहिलेला. सातांना तर गाडीवर जाऊन भेटता येतं.

मशीनला कळवायची रीतसर पद्धत पण आहे. 'सनसेट' नावाचा हेडर, २०१९ चा आरएफसी ८५९४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती लिहिलेला दस्तऐवज), त्यात तारीख द्यायची की या दिवसानंतर हे मिळणार नाही. अन् 'डेप्रिकेशन' हेडर, आरएफसी ९७४५, तो २०२५ मध्ये आला, तो सांगतो की हे आता जुनं ठरलंय. दोन्हीत तारीख लिहायची रीत वेगळी आहे, सनसेटला नेहमीची एचटीटीपी तारीख अन् डेप्रिकेशनला ॲटच्या चिन्हापुढं युनिक्सचे, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले, सेकंद, कशाला असं केलं देव जाणे. हेडर टाका, पण खरं सांगू का, केंद्रावरचा पोरगा काही हेडर बघत बसत नाही.

त्याच्यासाठी भारनियमन. हो, तेच आपलं भारनियमन. आधी कळवायचं की अमुक दिवशी व्ही१ पंधरा मिनिटं बंद राहील, अन् खरंच बंद करायचं, मग परत चालू. पुढच्या आठवड्यात तासभर. गिटहबनं पासवर्डवरून गिट (कोडचे बदल सांभाळणारं साधन) चालवणं १३ ऑगस्ट २०२१ ला बंद केलं, त्याच्या आधी असंच थोडा थोडा वेळ बंद करून लोकांना जागं केलं होतं, तिकडं याला ब्राऊनआऊट म्हणतात. तुम्ही सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायच्या टायमाला करू नका, लोक कॅन घेऊन रांगेत उभे असतात, मार खाल. दुपारी रिपोर्ट ओढतात तेव्हा करा. अन् कायमचं बंद करायची तारीख दिवाळीच्या आसपास ठेवू नका, दूध दराच्या फरकाचे पैसे वाटायचे असतात तेव्हा सगळ्यांचं डोकं तिकडं असतं. लातूरवाल्यांनी पण ऐका, सोयाबीनची आवक चालू असताना काही बंद करायचं नाही.

बंद केल्यावर ४०४ देऊ नका, ४१० द्या. ४०४ म्हणजे सापडलं नाही, माणूस यूआरएल तपासत बसतो. ४१० म्हणजे होतं, आता गेलं. सोबत मराठीत एक ओळ अन् तुमचा नंबर.

प्रश्न : पॅकेज डॉट जेसनमध्ये (बाहेरून घेतलेल्या लायब्ररींच्या यादीत) आकड्याच्या आधी ती ^ टोपी असते, ती काढून टाकू का? मित्र म्हणतो काढ.
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : ती टोपी म्हणजे कॅरेट. टॉम प्रेस्टन-वर्नरच्या सेमँटिक व्हर्जनिंगमध्ये तीन आकडे असतात: पहिला वाढला म्हणजे जुनं मोडलं, दुसरा म्हणजे नवं आलं पण जुनं शाबूत, तिसरा म्हणजे बग दुरुस्त. टोपीचा अर्थ की पहिला आकडा न बदलता जे नवं येईल ते चालेल. पण सुरुवातीला शून्य असेल तर टोपी कडक होते, ०.२.३ ला टोपी घातली तर ०.३.० येणार नाही, कारण शून्यात असताना कोणी कशाची हमी देत नसतो. टोपी राहू द्या, लॉक फाईल (नेमकी कोणती व्हर्जनं बसली ते लिहिलेली फाईल) गिटमध्ये टाका अन् सर्व्हरवर 'एनपीएम सीआय' चालवा, म्हणजे जे तुमच्याकडं तपासलं तेच तिकडं बसेल. मित्राला विचारा त्याची लॉक फाईल गिटइग्नोअरमध्ये (गिटमध्ये न टाकायच्या फाईलींच्या यादीत) का आहे. असणार, माझी पैज.

प्रश्न : आपण व्ही१, व्ही२ करत बसतो, मग जावास्क्रिप्टचं व्ही२ काढून सगळा जुना कचरा का टाकत नाहीत?
(एक विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : छान विचारलंत. कारण वेबसाईटवाल्यांना फोन करून अपडेट करायला सांगता येत नाही. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत १९९१ ला केलेली पहिली वेबसाईट आजच्या ब्राऊझरमध्ये उघडते, ते याच हट्टामुळं. २०१८ मध्ये जावास्क्रिप्टच्या ॲरेला (याद्यांना) 'फ्लॅटन' नावाचं नवं फंक्शन द्यायचं ठरत होतं, चाचणीत कळलं की मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीवर चालणाऱ्या साईट त्यानं मोडतात, कारण मूटूल्सनं त्याच नावाचं स्वतःचं फंक्शन आधीच टाकून ठेवलं होतं. बराच गोंधळ झाला, कोणीतरी चेष्टेत 'स्मूश' नाव सुचवलं, शेवटी 'फ्लॅट' झालं. आज तुम्ही जे 'फ्लॅट' लिहिता त्याच्या मागची 'टी-ई-एन' ही अक्षरं जुन्या साईटींसाठी गेलीत.

प्रश्न : डिप्लॉय करायच्या आधी जुनं मोडलं की नाही हे तपासायचं कसं? आमच्याकडं टेस्टर नाही.
(एक वाचक, जालना)

उत्तर : कोणाकडं असतो. चालू असलेल्या एपीआयचे आजचे खरे रिस्पॉन्स, वीस-पंचवीस, फाईलमध्ये उतरवून ठेवा, नावं-नंबर खोटे करून. नवा कोड चालवला की स्क्रिप्टनं तुलना करायची: जुन्यात असलेलं प्रत्येक फील्ड नव्यात आहे का, टाईप तोच आहे का. नवं फील्ड वाढलं तर चालू द्या, गेलं तर बिल्ड लाल. पन्नास ओळींची स्क्रिप्ट आहे, दुपारी बसलात तर संध्याकाळच्या चहापर्यंत होते. अर्थ बदलला तर ती पकडणार नाही, तिथं डोळेच लागतात.

त्यासाठी मी टेबलाच्या खणात एक जुना फोन ठेवलाय, घरच्यांनी दोनदा भंगारात द्यायला काढला होता. त्यात आमच्या ॲपचं सगळ्यात पहिलं व्हर्जन आहे अन् प्ले स्टोअरचं ऑटो अपडेट बंद. डिप्लॉयच्या आधी तो टेस्ट सर्व्हरला जोडतो, एक पट्टी काढतो अन् कागदावर गुणाकार करून जुळवतो. सिम नाही, वायफायवर चालतो, स्क्रीन वरून तडकलीय, पण 'एकूण रक्कम' नीट वाचता येते. लातूरच्या भाऊंनी पण असा एक मिळवावा, त्या एनएएनवाल्या काकांना नवा फोन घ्यायचा असेल तर त्यांचाच जुना मागून घ्या.